सहाशे घरांचा सर्व्हे साडेचार लाखांत? आधी फिल्डचे दिवस मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. समाजशास्त्रात एमए, एका संस्थेत आठ वर्षं संशोधन अधिकारी, हाताशी चार लाखांची बचत, आणि आता स्वतःचं संशोधन-सल्ल्याचं काम सुरू करायचंय. धाराशिव जिल्ह्यात महिलांबरोबर शेळीपालनाचा प्रकल्प सुरू करणारी एक संस्था पहिलं काम द्यायला तयार आहे. तीन तालुके, ३० गावं, ६०० घरं, बेसलाइन (प्रकल्पाआधीच्या स्थितीचा) सर्व्हे आणि अहवाल, सगळं मिळून साडेचार लाख. तुम्ही विचारलंय की कंपनी काढावी की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), आणि हे काम घ्यावं का.

नोंदणीचं पुढे बघू, तो भाग सोपा आहे. अडचण वेगळीच आहे. तुम्ही आठ वर्षं सर्व्हे केलेत, पण त्याची किंमत बहुधा दुसऱ्या कुणीतरी काढली असेल. गाडी ऑफिसनं दिली, सर्वेक्षक मुलांचे पगार लेखा विभागानं केले, आणि निधी उशिरा आला तरी तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला जमा झाला. स्वतःचं काम सुरू केलं की हे तिन्ही तुमच्याकडे येतं. छोट्या संशोधन संस्था बंद पडतात त्या बहुतेक वेळा संशोधन कच्चं असल्यामुळे नव्हे. फिल्डचे दिवस कमी धरले आणि पैसे उशिरा आले, की त्या बंद पडतात.

त्यामुळे आधी साडेचार लाखांचा हिशोब मांडू. दर जिल्ह्याप्रमाणे आणि माणसांप्रमाणे बदलतात. माझे आकडे पटले नाहीत तर तुमचे घाला, रीत तीच ठेवा.

४५ मिनिटांचा फॉर्म असेल तर ग्रामीण भागात एक सर्वेक्षक दिवसाला पाच घरं नीट करतो. कागदावर आठ बसतात. पण बायका सकाळी दहानंतर शेतात जातात आणि चारनंतरच भेटतात. मधल्या वेळात घर शोधणं, वाट बघणं आणि पुन्हा येणं हेच चालतं. ६०० घरं म्हणजे १२० सर्वेक्षक-दिवस. तीन-तीन सर्वेक्षक आणि एकेक सुपरवायझर अशा दोन टीम केल्या, तर २० दिवस फिल्ड. त्याआधी तीन दिवस प्रशिक्षण आणि एक दिवस पायलट (फॉर्मची चाचणी), म्हणजे प्रत्येकाचे २४ दिवस झाले.

सहा सर्वेक्षक, २४ दिवस, रोज ९०० रुपये: १,२९,६००. दोन सुपरवायझर, रोज १,३००: ६२,४००. आठ जणांचं राहणं-जेवण, रोज माणशी ५००: ९६,०००. दोन गाड्या, २० दिवस, डिझेल आणि ड्रायव्हरसह रोज २,८००: १,१२,०००. इथवर बरोबर चार लाख झाले. प्रशिक्षणाची जागा, छपाई, मोबाइल डेटा, पॉवर बँक असं किरकोळ २५,०००. बॅकचेक, म्हणजे काही घरांत पुन्हा जाऊन तपासणं, १२,०००. सहा गटचर्चा आणि काही मुलाखती, त्यांच्या शब्दांकनासह ४०,०००. डेटा साफ करणं आणि तक्ते काढणं २५,०००. बेरीज ५,०२,०००.

म्हणजे तुम्ही स्वतः फुकट काम केलंत तरी साडेचार लाखांच्या कामात ५२,००० खिशातून जातात. तुमचे ३५ दिवस, दिवसाला ४,००० रुपये दरानं, १,४०,००० होतात. ते धरून बेरीज ६,४२,०००. त्यावर ऑफिसखर्च आणि अनपेक्षित खर्चासाठी १५ टक्के ठेवले, तर साधारण ७ लाख ३८ हजार.

हे ४,००० कुठून आले, तेही सांगते. बरेच जण महिन्याच्या पगाराला २६ नं भागतात. ४०,००० पगार असेल तर दिवसाचे १,५४० येतात आणि तोच दर प्रस्तावात जातो. पण स्वतःच्या कामात वर्षाचे सगळे दिवस बिलात येत नाहीत. प्रस्ताव लिहिणं, बैठका, थकलेल्या पैशांसाठी फोन, पावसाळ्यातले रिकामे आठवडे, यांचे पैसे कुणी देत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत १२० दिवस बिलात आले तरी चांगलं म्हणायचं. वर्षाचे ४,८०,००० भागिले १२०, म्हणजे ४,०००.

आता पुढचं पाऊल. बहुतेक जण इथे दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘पहिलं काम आहे, नाव होईल’ म्हणून साडेचारला होकार देतात, आणि मग सर्वेक्षकाला रोज आठ फॉर्म करायला लावतात. किंवा सरळ सात लाख चाळीस हजारांचं कोटेशन पाठवतात आणि काम जातं. माझा सल्ला असा की रोजाचा दर कापू नका, कामाची आखणी कमी करा. त्यासाठी संस्थेला या सर्व्हेतून कोणता निर्णय घ्यायचाय, हे आधी कळायला हवं.

टीओआरमध्ये, म्हणजे कामाच्या अटींच्या कागदात, बहुधा ‘लाभार्थींची सामाजिक-आर्थिक स्थिती जाणून घेणे’ असं लिहिलेलं असेल. त्यातून काहीच हाती लागत नाही. कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला फोन करा आणि विचारा, की अहवाल आल्यावर तुम्ही काय बदलू शकता? शेळीपालनात खरा प्रश्न बहुतेक वेळा असा असतो की पैसा नव्या शेळ्या देण्यात घालायचा, की आहेत त्या जगवण्यात. जगवणं म्हणजे पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांवरचं लसीकरण, पशुसखींचं (गावातच जनावरांची प्राथमिक काळजी घेणाऱ्या बायकांचं) प्रशिक्षण, गोठा, चारा. निर्णय हा असेल, तर करडांची मर किती आणि कोणत्या महिन्यांत होते, लस कुणी दिली, शेळी कधी आणि कोणत्या अडचणीत विकली, हे प्रश्न मुख्य ठरतात. घराचं छप्पर कशाचं आहे, टीव्ही आहे का, शौचालय आहे का, यातले बरेच जातात. ऐंशी प्रश्नांचा फॉर्म पन्नासवर येतो.

मग सॅम्पल. ६०० हा आकडा कुठून आला, हे संस्थेला विचारलंत तर बहुधा ‘गेल्या वेळी तेवढाच होता’ असं उत्तर येईल. पाठ्यपुस्तकातला हिशोब तुम्हाला माहीत आहे. ९५ टक्के खात्री आणि अधिक-उणे ५ टक्के चूक धरली तर ३८५ घरं. तो साध्या यादृच्छिक निवडीचा आहे. इथे आपण आधी गावं निवडतो, मग गावातली घरं. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. पाऊस तोच, बाजार तोच, डॉक्टरही तोच. त्यामुळे त्याच गावातलं विसावं घर फारशी नवी माहिती देत नाही. हा सारखेपणा शून्य ते एक या मापावर ०.०५ धरला आणि गावात २० घरं घेतली, तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे सॅम्पलचं मोल किती पटीनं घटतं तो आकडा, १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५ येतो. ६०० घरांचं मोल ३०८ घरांइतकंच उरतं. गावं ३० च ठेवून प्रत्येकी १० घरं घेतली, तर डिझाइन इफेक्ट १.४५ होतो आणि ३०० घरांचं मोल २०७. घरं निम्मी झाली, पण अधिक-उणे चूक ५.६ टक्क्यांवरून ६.८ वरच गेली. लसीकरणासारख्या गोष्टीत सारखेपणा ०.२ पर्यंतही जाऊ शकतो, कारण पशुसखी आली तर सगळ्या गावात येते, नाही तर कुणाकडेच नाही. तेव्हा ६०० घरांचं मोल १२५ आणि ३०० घरांचं १०७! मग दुप्पट घरं फिरून मिळवलं काय?

अर्थात यात सोडावं लागतं तेही आहे, आणि ते संस्थेला लेखी सांगा. ३०० घरांत तालुकानिहाय तुलना होत नाही. तालुक्यामागे १०० घरं, त्यांचं मोल ६९, चूक अधिक-उणे १२ टक्के. तीन वर्षांनी एंडलाइन (प्रकल्पानंतरचा सर्व्हे) करायची असेल, तर दोन्ही वेळी ३०० घरं घेऊन साधारण १४ टक्क्यांचा फरक भरवशानं पकडता येईल. ६०० घरांत तो ११ टक्क्यांपर्यंत येतो. करडांची मर ४० टक्क्यांवरून २० वर आणायचं उद्दिष्ट असेल तर ३०० पुरेत. पाच टक्क्यांचा बदल दाखवायचा असेल तर ६०० सुद्धा पुरत नाहीत. आणि पुढे ‘हा बदल आमच्यामुळे झाला’ असं म्हणायचं असेल, तर प्रकल्पाबाहेरची तुलनेची गावं आत्ताच घ्यावी लागतात. मग वरचा सगळा हिशोब नव्यानं मांडायला लागतो. हे आत्ता विचारलं नाही, तर तीन वर्षांनी ‘इम्पॅक्ट का दिसत नाही’ म्हणून फोन येईल आणि तेव्हा सांगण्यासारखं काही उरणार नाही.

३०० घरांचा खर्च बघा. दोनच टीम, प्रत्येकीत दोन सर्वेक्षक आणि एक सुपरवायझर, टीमचं दिवसाला एक गाव, १५ दिवस फिल्ड, प्रशिक्षणासह १९. सर्वेक्षक ६८,४००, सुपरवायझर ४९,४००, राहणं-जेवण ५७,०००, गाड्या ८४,०००. मिळून २,५८,८००. किरकोळ २०,०००, बॅकचेक ६,०००, तीन-चार गटचर्चा २०,०००, डेटाकाम २०,०००, तुमचे २५ दिवस एक लाख. बेरीज ४,२४,८००, वर १५ टक्के धरून ४,८८,५२०. हे संस्थेच्या बजेटच्या जवळ आहे. ‘चार लाख नव्वद हजार, जीएसटी लागू असल्यास वेगळा’ असं कोटेशन, सोबत दोन्ही आखण्यांची तुलना एका पानावर. पैसे वाढवून मागितल्याचा राग येत नाही. कशासाठी मागितले ते न कळण्याचा येतो.

फिल्डकडे वळते, कारण धाराशिवमध्ये काही गोष्टी हमखास चुकतात.

पहिली म्हणजे वेळ. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. डिसेंबरात सर्व्हे केलात, तर काही वस्त्यांवर एकामागून एक कुलपं दिसतील. सर्वेक्षक मग शेजारचं घर घेतो. फॉर्म पूर्ण भरतो, डेटा मात्र वाकडा होतो. कारण कुलूप लावून गेलेली घरं बहुधा भूमिहीन, कमी जनावरांची असतात, किंवा म्हातारी माणसं आणि शेळ्या मागे ठेवून गेलेली. संस्थेला नेमकं ज्यांच्यापर्यंत पोचायचंय, तीच गळतात. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, तेव्हाही बायका भेटत नाहीत. मे महिना उन्हाचा, पण माणसं गावात असतात. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर काम केलं तर जमतं. पावसाळ्यात पेरणीनंतर ऑगस्टमध्येही एक फट मिळते. हिवाळ्याशिवाय पर्यायच नसेल, तर बदली घराची परवानगी फक्त सुपरवायझरला द्या, तीन वेळा भेट दिल्यावरच द्या, आणि कुलूपबंद घरांची वेगळी नोंद ठेवून तो आकडा अहवालात छापा.

दुसरी गोष्ट घरांची यादी. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा आहे, कुटुंबांची यादी नव्हे. एका घर क्रमांकात तीन भावांच्या तीन चुली असू शकतात. वस्तीवरची, तांड्यावरची नवी घरं त्यात उशिरा चढतात. अंगणवाडी सेविकेची सर्वेक्षण नोंदवही जास्त ताजी असते. ती आधार धरून गावात एक फेरी मारा आणि कुटुंब म्हणजे एक चूल, ही व्याख्या प्रशिक्षणात घटवून घ्या. सर्वेक्षकाची गाडी गावठाणात थांबते आणि काम तिथेच उरकतं, ही जुनी खोड आहे. लमाण तांडा दोन किलोमीटरवर असेल तर त्याची घरं यादीत वेगळ्या खुणेनं लिहा आणि त्यांतून किती निवडली गेली ते रोज संध्याकाळी तपासा.

तिसरी, प्रश्नाची भाषा. ‘शेळ्या किती?’ असं विचारलं की कुणी करडं धरतं, कुणी धरत नाही. बोकड वेगळा सांगतात. वाट्यानं, म्हणजे हिस्सा ठरवून सांभाळायला, दिलेली शेळी कुणाची मोजायची? ती मालकाच्या दारात नाही, आणि सांभाळणारीची नाही. माद्या, बोकड, तीन महिन्यांखालची करडं, वाट्यानं दिलेल्या आणि वाट्यानं घेतलेल्या, अशी पाच खाती करा. ‘शेळीतून वर्षाचं उत्पन्न किती?’ या प्रश्नाला दहा हजार, वीस हजार अशी गोल उत्तरं येतात. त्याऐवजी गेल्या बारा महिन्यांत किती विकल्या, कधी विकल्या, दारात व्यापाऱ्याला की आठवडी बाजारात, प्रत्येकीचे किती आले, असं विचारा. बकरी ईद आणि गावची यात्रा हे आठवणीचे खुंटे म्हणून वापरले की आकडे बरेच सुधारतात. आणि ‘शेळ्या मिळणार आहेत म्हणून सर्व्हे चाललाय’ असं सर्वेक्षकाच्या तोंडून एकदा निघालं, की त्या गावातल्या शेळ्यांची संख्या दुसऱ्या दिवसापासून निम्मी होते.

सर्वेक्षकांना पैसे फॉर्ममागे देऊ नका, दिवसामागे द्या. फॉर्ममागे दर ठेवला की झाडाखाली बसून फॉर्म भरले जातात, आणि दोष फक्त त्या मुलांचा नसतो. दिवसाचा दर ठेवला तर कामाचा वेग मंदावू शकतो, म्हणून किमान चार-पाच घरांची अपेक्षा आधीच बोलून ठेवा आणि तपासणी कडक करा. महिलांशी बोलायचंय, तेव्हा निम्म्या तरी सर्वेक्षक महिला हव्यात. त्यांची मुक्कामाची सोय आणि परतीची गाडी हा खर्च काटकसरीचा नव्हे. फॉर्म कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके या मोबाइलवरच्या सर्व्हे-साधनांवर केला तर नेटवर्कशिवाय चालतो आणि सुरू-संपल्याची वेळ आपोआप नोंदवतो. पहिले तीन दिवस रोज रात्री त्या वेळा बघा. ४५ मिनिटांचा फॉर्म १२ मिनिटांत झाला असेल, सलग पाच घरांत ‘माहीत नाही’ची रांग असेल, किंवा लांबणारे प्रश्न टाळायला प्रत्येक घरात ‘एकही शेळी विकली नाही’ असं आलं असेल, तर दुसऱ्या दिवशी सुपरवायझर त्याच घरांत जातो. दहा टक्के घरांत बॅकचेक करा, पण दिवसागणिक न बदलणाऱ्या पाच-सहा प्रश्नांवरच. माणसं किती, जमीन किती, वाट्याची शेळी आहे का, सर्वेक्षक खरंच आला होता का.

संमतीबद्दल एवढंच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि संशोधनासाठी त्यात काही सवलत आहे, पण तिच्या भरवशावर सैल राहू नका. आधार क्रमांक मागूच नका, लागत नाही. नाव आणि फोन नंबर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, उत्तरांच्या फाइलमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक. संस्थेला नावांसह डेटा हवा असेल, तर संमतिपत्रात ते बाईला आधी सांगितलेलं असायला हवं.

आता पैसे येण्याची गोष्ट, जिथे चार लाखांच्या बचतीचा खरा कस लागतो. संस्था बहुधा ३०-४०-३० असे हप्ते सुचवेल. शेवटचा हप्ता ‘अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर’. ४,८८,५२० चे ३० टक्के म्हणजे १,४६,५५६. त्यातून व्यावसायिक शुल्कावरचा १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा आयकर) कापून हाती १,३१,९००. फिल्ड संपेपर्यंतचा खर्च, किरकोळ आणि बॅकचेक धरून, २,८४,८००. म्हणजे दीड लाखाहून जास्त तुम्ही घालायचे. ५० टक्के आगाऊ मागितले तर हाती २,१९,८०० येतात आणि खड्डा ६५,००० चा राहतो. टीडीएस बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर कर वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर तो तुमच्या हातात नसतो. म्हणून ५०-३०-२० मागा. दुसरा हप्ता साफ डेटा दिल्यावर, आणि शेवटचा मसुदा अहवाल दिल्यापासून १५ दिवसांत, प्रतिक्रिया आल्या किंवा नाही आल्या तरी. ‘मंजुरी’ हा शब्द हप्त्याच्या कलमात येऊ देऊ नका. त्या एका शब्दावर शेवटचे २० टक्के महिनोन्‌महिने अडकतात, कुणाच्या मनात वाईट नसतानाही. ज्यांनी मंजूर करायचं ते बदलतात, निधी देणारी कंपनी आर्थिक वर्ष बंद करते, आणि तुमची फाइल खाली जाते.

चार लाखांतून घरखर्चाचे सहा महिने बाजूला काढा. महिना ३०,००० असेल तर १,८०,००० गेले. उरलेले २,२०,००० हे खेळतं भांडवल. पन्नास टक्के आगाऊवर ते एका कामाला सहज पुरतं, दुसरं शेजारी चालवता येतं. तीस टक्क्यांवर एकच काम पेलतं, आणि दुसरं घेतलंत तर सर्वेक्षक मुलांचे रोजचे पैसे थकतात. ते कधीही थकवू नका. चांगला सर्वेक्षक एकदा गेला की परत येत नाही, आणि तुमची संस्था म्हणजे शेवटी तीच आठ-दहा माणसं.

नोंदणी. सुरुवातीला स्वतःच्या नावानं, प्रोप्रायटरशिप. गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी), व्यवसाय कर नोंदणी (वर्षाला २,५००), उद्यम (लघुउद्योग) नोंदणी, करंट खातं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. प्रायव्हेट लिमिटेडला उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी लेखापरीक्षण लागतं, आणि पहिल्या वर्षी तो खर्च नुसता अंगावर पडतो. एलएलपीत वार्षिक उलाढाल ४० लाख आणि भागीदारांचं भांडवल २५ लाख यांच्या आत लेखापरीक्षण सक्तीचं नाही. खरोखर भागीदार असेल तर एलएलपीचा विचार करा. मोठ्या कंपन्या पुढे ‘तीन वर्षांची उलाढाल’ मागतात, तेव्हा रूप बदलता येतं. सेवांना जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे. तुम्ही पहिल्या वर्षी तिच्या आत असाल, तर घाईनं नोंदणी करू नका. स्वयंसेवी संस्थेला तुमच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट (भरलेला कर वळता करून घेण्याची सोय) बहुधा मिळत नाही, म्हणजे तिला तेवढा खर्च वाढतो. आयकरातल्या अनुमानित उत्पन्नाच्या (बिलांचे ठरावीक टक्के उत्पन्न धरण्याच्या) सोयीत समाज-संशोधन सल्ला बसतो का, हे कामाच्या स्वरूपावर ठरतं. ते सीएला विचारा, शेजाऱ्याला नको.

उद्यमचा एक फायदा लोक विसरतात. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६ नुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. मी हे कलम करारात घालते ते वापरण्यासाठी कमी, आठवण म्हणून जास्त. कंपनी ग्राहक असेल तर तिला त्याची धास्ती असते, कारण वेळेत न दिलेल्या रकमेची कर-वजावट त्या वर्षी मिळत नाही. करमुक्त न्यासाला तेवढी नसते. तिथे शेवटी आगाऊ रक्कमच कामाला येते.

संस्थेकडे परदेशी निधी असेल तर आणखी एक बाब तपासा. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरए (परदेशी निधी नियमन कायदा) खात्यातला निधी दुसऱ्या संस्थेला अनुदान म्हणून पुढे देता येत नाही. तुमचा करार ‘भागीदारी’ किंवा ‘उप-अनुदान’ या शब्दांत नको. सेवा, तिची किंमत, बिल असं स्वच्छ हवं.

पुढची कामं कुठून येतील, हेही तुमच्या मनात असणार. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खालचे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) नियम २०२१ मध्ये बदलले. ज्या कंपनीची आधीच्या तीन वर्षांतली सरासरी सीएसआर जबाबदारी १० कोटी किंवा जास्त आहे, तिला एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं, ते पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर, स्वतंत्र संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यावं लागतं. ही कामं थेट तुमच्याकडे लगेच येणार नाहीत, मोठ्या सल्लागार कंपन्यांकडे जातील, आणि त्या फिल्डचा भाग तुमच्यासारख्यांना देतील. घ्या, पण तिथे हमखास फॉर्ममागे दर सांगतात. तो दर तुमच्या दिवसांच्या हिशोबात बदलून बघा आणि मगच हो म्हणा.

करारात आणखी तीन ओळी हव्यात. फॉर्म ठरल्यावर प्रश्न वाढले तर त्याचे पैसे वेगळे. मसुद्यावर प्रतिक्रियांची एकच फेरी. आणि तथ्याची चूक दुरुस्त होईल, निष्कर्ष बदलणार नाहीत. शेवटची ओळ पहिल्या कामात उर्मट वाटेल. पण करडांची मर संस्थेनं निधी देणाऱ्यांना सांगितलेल्या आकड्यापेक्षा जास्त निघाली, तर त्या एका ओळीवर तुम्हाला टिकून राहायचंय.

राहिला राजीनामा. या आठवड्यात संस्थेला एक पानाचं पत्र पाठवा, त्यात निर्णय कोणता, दोन आखण्या, दोन किमती, हप्ते ५०-३०-२०. सही झालेला करार आणि पहिला हप्ता खात्यात आल्याशिवाय नोकरी सोडू नका. आणि त्याआधी तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा. काम देणारी संस्था तुमच्या सध्याच्या संस्थेची भागीदार असेल, किंवा तिची ओळख तुम्हाला नोकरीतूनच झाली असेल, तर हितसंबंधाचं कलम तुम्हाला लागू होऊ शकतं. तसं असेल तर वरिष्ठांशी आधी बोला आणि त्यांचं ना हरकत पत्र मेलवर मागून घ्या.